आमचे भावी

भावी हे आपल्यासारखेच माणसाच्या उंचीचे आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याआधी कित्येक महिने मी त्यांना चौकातल्या फ्लेक्सवर पाहत होते आणि तिथे ते चांगले दीड मजला उंच होते. पांढरा शर्ट, काळा गॉगल, जोडलेले हात आणि पायाशी शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. वाढदिवसाला फ्लेक्स, दिवाळीला फ्लेक्स, दहावीच्या निकालाला गुणवंतांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स. स्वतः दहावीला दोनदा बसून उठलेले. नावाच्या वर दर वेळी तेच दोन ठळक शब्द असत, 'भावी नगरसेवक'. आमच्या भागाचा नगरसेवक कोण हे कुणाला धड सांगता येत नसे. भावी नगरसेवक कोण, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

नाव दत्तात्रय, गावात दत्ताभाऊ. पण चहाच्या टपरीवर एकदा कुणीतरी चेष्टेत "काय भावी?" अशी हाक मारली, ती वाण्यानं उचलली, वाण्याची इस्त्रीवाल्यानं उचलली आणि मग चेष्टा विरून नुसतं नाव उरलं. मी एकदा त्यांच्या घरी फोन केला, तर त्यांच्या बायकोनंच, सुरेखावहिनींनी, सरळ आवाजात सांगितलं, "भावी घरी न्हाईत. आल्यावर सांगते." भावींना स्वतःला या नावाचं काही वाटत नसे. "बाई, ज्याला पुढं कायतरी व्हायचंय त्यालाच भावी म्हनत्यात," ते मला म्हणाले होते. "बाकीचे समदे माजी."

मी जन्माची नारायण पेठेतली. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मुलाला खराडीच्या आयटी पार्कात नोकरी, म्हणून आम्ही दोघं त्याच्या मागोमाग खराडीच्याही पलीकडे एका नव्या सोसायटीत येऊन पडलो. कालपरवापर्यंत ते गाव होतं. गाव शहरात आलं, शहराचं पाणी मात्र गावात यायचं राहिलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरनं दगा दिला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंग्रजीतून संतापाचा पूर आला. बादली मात्र कुणाचीच भरली नाही. शेवटी वॉचमन म्हणाला, "भावीला फोन लावा ना." तासाभरात टँकर फाटकात उभा. ड्रायव्हरच्या शेजारून एक बुटका, सावळा माणूस उतरला, पँट दुमडलेली, पायात स्लीपर, आणि स्वतःच पाइप ओढत टाकीकडे निघाला. गॉगल नसल्यामुळे मला ओळखायला वेळ लागला.

मी खाली जाऊन विचारलं, "किती द्यायचे?" पेठेत आम्हाला फुकट मिळालेल्या वस्तूची भीती वाटते.

"लाजवू नका, बाई." मी शिक्षिका होते हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यांना सगळ्यांचं सगळं कळलेलं असे. "मत द्या, नका देऊ. आपन भायेर ऱ्हाऊन एवढं करतोय. एकदा आत बसलो की बघा."

'एकदा आत बसलो की' हे त्यांचं पालुपद. आत म्हणजे महापालिकेच्या सभागृहात. एकदा आत बसलो की ड्रेनेजचं बघतो, एकदा आत बसलो की शाळेवर मजला चढवतो, एकदा आत बसलो की म्हाताऱ्यांना बसायला नदीकाठी बाकं. मी म्हटलं, "आत बसल्यावर माणसाला आतच करमतं, असा आमचा अनुभव आहे." ते खदाखदा हसले. "तुमी पेठेतल्या, बाई. तुमी पेढा दिला तरी तिखट लागंल." त्या दिवसापासून आमचं जमलं. फ्लेक्सवरचा मजकूर ते मला दाखवू लागले. मी त्यातली विशेषणं निम्मी करी आणि छापून येईपर्यंत ती परत दुप्पट झालेली असत.

हे नाव पडण्याआधीचे भावी मी पाहिले नव्हते. ते सुरेखावहिनींनी सांगितले. त्यांच्याकडे दोन म्हशी होत्या आणि आमचं दूध तिथून येई, त्यामुळे रोज दोन शब्द होत. गावची पहिली जमीन बिल्डरला गेली तेव्हा घरोघर पैसा आला, आणि त्या पैशानं जे बहुतेक घरांचं केलं तेच यांच्या घराचं केलं. गाडी, गळ्यात जाड साखळी, आणि दिवस उजाडल्यापासून दारू. ढाब्यावरून उचलून आणावे लागत. मग एका सप्ताहाच्या कार्यक्रमात पक्षाचे साहेब आले. भाषणाच्या भरात त्यांनी समोर दिसला त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा पुढचा नगरसेवक." साहेबांनी त्या महिन्यात असे किती जणांच्या पाठीवर हात ठेवले असतील देव जाणे. पण हा हात लागला. "दुसऱ्या दिसापास्नं थेंबाला शिवले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "बोटं फिरवून पेपर वाचाया लागले. साहेब लोकांशी कसं बोलायचं ते आरशात बघून बोलायचे. बाई, त्या 'भावी'च्या बोर्डानं मानूस केला त्यांना."

नववीला मी दर वर्षी 'महत्त्वाकांक्षा : शाप की वरदान?' हा निबंध देत असे. हुशार मुलं आधी वरदानाचा परिच्छेद लिहीत, मग शापाचा, आणि शेवटी 'अति तेथे माती' टाकून सुटत. मीही दहापैकी सात देऊन सुटत असे. भावींशी ओळख झाल्यावर मला त्या सगळ्या निबंधांचा राग आला. हे दोन परिच्छेद असे वेगळे काढता येत नाहीत, हे त्या मुलांना कसं कळावं? मलाच कळलेलं नव्हतं.

आमचे 'हे' गेले ते भर दुपारी, बोलता बोलता. मुलगा कंपनीच्या कामाला परदेशात, सून ऑफिसात. सोसायटीतले लोक दारात उभे राहून 'काही लागलं तर सांगा' म्हणत होते. मला काय लागणार होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. भावी आले आणि थेट कामाला लागले. डॉक्टरचा दाखला, शववाहिनी, गुरुजी, मुलगा येईपर्यंत शीतपेटी. स्मशानात सगळे पांगल्यावरही ते एकटे कठड्याला टेकून उभे होते. पुढे सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला समजावलं की अहो काकू, तो सगळ्यांच्याच मयताला जातो, व्होट बँक असते ती. असेल. मतांसाठी आला असेल. पण आला. ज्यांना मतं नको होती ते दारातूनच परत गेले होते, हे मी विसरले नाही.

दहाव्याचं तर त्यांच्याकडे शास्त्रच होतं. आमच्या पेठेत दहावा म्हणजे घरची चार माणसं आणि गुरुजी. त्या भागात दहावा म्हणजे नदीकाठी मांडव, माइक आणि पुढाऱ्यांची रांग. कावळा शिवेपर्यंत एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो आणि जाता जाता आपलंही नाव लोकांच्या कानावर घालतो. भावी एकही दहावा चुकवत नसत. पण इतरांचं भाषण जिथे 'अतिशय मनमिळाऊ' याच्या पुढे जात नसे, तिथे भावी सांगत की या म्हातारीनं गावातल्या किती बायांची बाळंतपणं केली, की हा आजोबा बैलाला मारल्यावर स्वतः जेवत नसे. खरं असे ते. त्यांनी जाऊन विचारलेलं असे. माणसं तोंडाला पदर लावून रडत.

मग त्यांच्याच वडिलांचा, नानांचा, दहावा आला. मीही गेले होते. नदीकाठचा मळा तेवढा या घरात विकायचा राहिला होता. नाना शेवटपर्यंत तिथल्या विहिरीवर जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ह्यो पोरगा मळा खानार." पिंड मांडायची वेळ झाली, तरी भावी रस्त्याकडे पाहत होते. साहेब यायचे होते. गुरुजी घड्याळ दाखवू लागले, ऊन चढलं, बायका कुजबुजू लागल्या, आणि मुंडण केलेला हा माणूस सारखा मांडवाच्या टोकाशी जाऊन गाडी येते का बघत होता. साहेब आले, दोन वाक्यं बोलले, गेले. तेव्हा कुठे पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना.

बराच वेळ झाला. मग भावकीतला एक म्हातारा उठून उभा राहिला. "दत्ता, नानाच्या मनात काय ऱ्हायलंय ते तुला ठावं हाय. बोल." भावी पिंडासमोर गेले, हात जोडले. ज्या माणसाला माइकसमोर कधी शब्द कमी पडला नाही, त्याचा आवाज फुटेना. वहिनी मागून नुसत्या पाहत होत्या. शेवटी ते म्हणाले, "नाना, मळा इकनार न्हाई." आणि कावळा उतरला. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, हे लपवून काय करू?

पुढची वर्षं निवडणूक आज होणार, उद्या होणार यात गेली. ती पुढे पुढे जात राहिली आणि भावी तिच्या मागे. घरामागच्या खोल्यांच्या भाड्याचा पैसा येई तो या नादात जाई. कुणाच्या मुलीच्या लग्नात पाण्याचे जार, कुणाच्या क्रिकेटच्या सामन्यांना टी-शर्ट. त्यांचे केस पांढरे झाले. फ्लेक्सवरचा फोटो मात्र जुनाच राहिला. मी एकदा विचारलं, "दत्ताभाऊ, नाही झालात नगरसेवक तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न मागे घ्यावासा वाटला. "न्हाई झालो तर, म्हंजे?" त्यांना प्रश्नच समजला नव्हता.

एकदाच्या निवडणुका लागल्या. आरक्षणाची सोडत निघाली आणि ज्या जागेवर भावींनी इतकी वर्षं डोळा ठेवला होता ती ओबीसी महिलांसाठी गेली. दोन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. भावी दारात, आणि त्यांच्या मागे, दूध घालायला येतात तशाच वेशात, सुरेखावहिनी. "बाई, आता ह्या उभ्या ऱ्हानार. साहेबांनी तयारीला लागा म्हनून सांगितलंय. ह्यांना बोलायला शिकवा." वहिनी चपला काढायच्याही विसरल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला उभं राहायचंय का?" त्या भावींकडे पाहू लागल्या. "त्यांना व्हायचंय," त्या म्हणाल्या.

रोज दुपारी त्या माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्यांना उंबऱ्यात उभं करून स्वयंपाकघरातून ऐकत असे. आवाज आला नाही की मी भांडं वाजवी. सुरुवातीला 'माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो'च्या पुढे गाडी सरकेना. मग मी म्हटलं, हे बंधूबिंधू सोडा, दूध घालताना तुम्हाला काय काय दिसतं ते सांगा. आणि बाई बोलायला लागली. कुणाच्या घरी पाणी कधी येतं, कुठल्या वळणावर पोरी जिवाच्या भीतीनं रस्ता ओलांडतात, कोणत्या घरात म्हातारं माणूस दिवसभर कोंडलेलं असतं. पहिली कोपरा सभा मी ऐकायला गेले. आधी बाया हसल्या, मग गप्प झाल्या, मग टाळ्या. भावी स्टेजच्या मागे उभे राहून डोळे पुसत होते. वहिनींना मी परत जाताना पाहिलं. रोज मान खाली घालून चालणारी बाई, त्या दिवशी समोर बघून चालत होती.

त्याच आठवड्यात मळा गेला.

मला ते दुसऱ्याकडून कळलं. तिकीट हवं तर प्रभागात हवा दिसली पाहिजे, आणि हवा म्हणजे देवदर्शनाच्या बसगाड्या, पैठणीचे खेळ, घरोघर कुकर. आमच्या सोसायटीनंही दोन बस भरून अष्टविनायक केलं. ज्यांना एरवी गावातल्या मंदिराचा भोंगा सहन होत नसे, ते बसमध्ये आरत्या म्हणत गेले. मी गेले नाही. वहिनींना मात्र विचारलं, "मळ्याचं तुम्ही काही बोलला नाहीत?"

"यवहार ठरला तवा कुठं बोलता येत व्हतं, बाई?" त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या आणि दुधाचं माप पातेल्यात रिकामं केलं. "कागदावर सही करून आले आन् माजघरात नानांचा फोटो हाय, तो भिताडाकडं तोंड करून ठेवला. मला म्हनले, एकदा आत बसलो की याच्या दुप्पट जमीन घेतो. नाना समजून घेतील. तीन दिस धड जेवले न्हाईत."

तिकिटाच्या दिवशी भावी सकाळपासून पक्षाच्या कार्यालयाबाहेर उभे होते. वहिनी घरी नवी साडी नेसून, ओवाळायला आलेल्या बायांच्या घोळक्यात. अर्ज भरायची मुदत दुपारी संपत होती. पक्षाचं अधिकृत पत्र, ज्याला सगळे एबी फॉर्म म्हणतात, ते शेवटच्या तासाला बाहेर आलं आणि आदल्या आठवड्यात दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका बिल्डरच्या सुनेला गेलं. ती आमच्या प्रभागात राहतही नव्हती. साहेबांनी भावींना आत बोलावलं नाही. गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाले, "दत्ता, तू घरचाच माणूस आहेस. तुझं पुढे बघू." आणि काच वर.

दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. भावी तसेच धावत सुटले आणि मुदत संपता संपता वहिनींचा अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं कपबशी. त्या पंधरा दिवसांत मी त्यांना झोपलेलं पाहिलं नाही. घसा बसला, पाय सुजले, तरी प्रत्येक जिन्यावर. आमच्या सोसायटीत लोक दार उघडून म्हणत, "अरे भावी, यू आर लाइक फॅमिली!" दार लागलं की आपापसांत म्हणत, "माणूस चांगला आहे हो, पण अपक्षाला देऊन मत वाया कशाला घालवायचं?" मतदानाला सुट्टी होती. तिला जोडून शनिवार-रविवार आले, तेव्हा निम्मी सोसायटी लोणावळ्याला निघून गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी चिन्ह पाहून बटण दाबलं. मी कपबशीचं दाबलं; एका बटणानं काय होणार होतं?

बिल्डरची सून निवडून आली. वहिनींची अनामतही वाचली नाही. कुकर पोचले होते त्या घरांतूनसुद्धा मतं आली नव्हती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावी आमच्या फाटकात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जोडलेले हात. आभार मानायला आले होते. ऑफिसला निघालेल्या गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या आणि प्रत्येक गाडीतला माणूस नेमका त्याच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. मी खाली गेले, म्हटलं, "चला वर, चहा घ्या." ते म्हणाले, "थांबा बाई, अजून बी विंगचे यायचेत." बी विंगचेही तसेच गेले. मला इतका संताप आला की मी फाटक ओढून घ्यायला निघाले, तर त्यांनीच माझा हात धरला. "असू द्या. त्यांना येळ झालाय." वर येऊन चहा घेतला, कपबशी स्वतःच विसळून ठेवली. मग म्हणाले, "बाई, हे समदं सोडून दिलं, तर सकाळी उठून मी करू काय?"

मी त्यांना पुष्कळ सांगितलं. वहिनींचा दुधाचा धंदा वाढवा म्हटलं, तुम्हाला कोर्ट-कचेऱ्यांतली माणसं माहीत आहेत, म्हाताऱ्यांची कामं करून द्या म्हटलं. ते मान डोलवत राहिले. माझ्या बोलण्यात सगळं होतं, फक्त त्यांना 'पुढे' म्हणून बघायला काही नव्हतं. जो माणूस इतकी वर्षं उद्याच्या आधारानं उभा होता, त्याचा उद्याच संपला होता. महिन्याभरानं वहिनी दूध घालायला आल्या, त्या बोलता बोलता थांबल्या. "परत सुरू केली," म्हणाल्या. काय, ते मी विचारलं नाही.

या वेळी ढाब्यावर जायचे नाहीत. घरात, दार लावून. मी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी त्यांनी लाजून बाटली खाटेखाली सरकवली. दुसऱ्या वेळी सरकवली नाही. मळ्यावर तोवर पत्रे लागले होते आणि विहीर बुजवली होती. मी विचारलं, "नदीकडे फिरून येऊ या का?" म्हणाले, "तिकडं नको. तिकडं नाना बसल्यात."

त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. जागा नव्हती, व्हरांड्यात जमिनीवर गादी टाकून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत या माणसानं एका फोनवर लोकांना खाटा मिळवून दिल्या होत्या, माझ्या विहीणबाईंनाही. वहिनी त्यांचा मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. अख्ख्या प्रभागाचे नंबर त्यात होते. "बाई, सांगा ना, कुनाला लावू?" मी म्हटलं, साहेबांना लावा. भावींनी डोळे उघडले. "नको," म्हणाले. "मानूस पडल्यावर फोन केला की लोकांना वाटतं, आता हा मागाया लागला." आम्ही तरी लावले. कुणी मीटिंगमध्ये होतं, कुणी 'बघतो' म्हणालं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, तर जोडलेल्या हातांची रांग लागली, नुसती चित्रं. खाट संध्याकाळी मिळाली. पहाटे ते गेले. आपलं माणूस गेल्यावर वाटतं तेच मला वाटलं.

पंधरवडा उलटल्यावर साहेब भेटायला आले. मी वहिनींजवळ आत बसले होते. साहेबांसोबत चार-पाच कार्यकर्ते. ते बुटांसकट घरात. साहेबांनी भावींच्या फोटोला हार घातला, थोडा वेळ मान खाली घालून बसले, आणि मग आवाज हळू करून म्हणाले, "वहिनी, ही वेळ नाही बोलायची. पण लोक हळहळतायत. अख्खा प्रभाग. अशी सहानुभूती पुन्हा मिळत नाही. निवडून आलेल्या त्या बाईंचं जातीच्या दाखल्याचं प्रकरण कोर्टात आहे, पोटनिवडणूक लागणार. दत्ताचं स्वप्न आता तुम्हीच पुरं करायचं. तुमचं भाषण मी ऐकलंय, दत्तापेक्षा चांगलं बोलता."

मला वाटलं, आता ही बाई उठेल आणि यांना बुटांसकट अंगणात काढील. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. जिच्या सासऱ्याला दिलेला शब्द विकला गेला, जिचा नवरा जमिनीवरच्या गादीवर 'नको' म्हणत पडून होता, ती आता काय बोलेल ते ऐकायला माझा जीव कानात आला होता.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "साहेब," त्या म्हणाल्या, आणि आवाज अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा स्वच्छ, "मागच्या बारीला आमचं पैशावाचून अडलं न्हाई. तुमच्या शब्दावाचून अडलं."

शाबास, मी मनात म्हटलं.

साहेब चपापले. कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. वहिनींनी एकदा फोटोकडे पाहिलं, मग भिंतींवरून, छतावरून, नानांनी बांधलेल्या त्या घरावरून सावकाश नजर फिरवली.

"या बारीला एबी फॉर्म आदी हातात द्या," त्या म्हणाल्या. "खर्चाचं माझं मी बघते. घर हाय अजून."